शालाक्कांना गाडी लागते

चौतिसाव्या दिवशी मला कळलं, की शालाक्कांची गाडी वाटेत कुठंही अडकलेली नव्हती. ती निघालेलीच नव्हती.

त्या सकाळी शोरूममध्ये अलॉटमेंट शीट आली होती. कारखान्यातून निघणारी कुठली गाडी कुठल्या बुकिंगला द्यायची, त्याची ही यादी. दर सोमवारी येते. ती सांभाळणारी आमची स्वाती जागेवरूनच म्हणाली, "मुल्ला सर, तुमच्या कुरुंदवाडच्या कस्टमरना सांगून ठेवा. सनरूफवाल्या पांढऱ्या गाडीला अजून चार महिने आहेत."

मी म्हणालो, त्यांनी सनरूफ घेतलेलंच नाही.

"सिस्टीममध्ये तर घेतलंय."

मी उठून तिच्या स्क्रीनसमोर गेलो. खिशातला चष्मा काढून लावला आणि बघितलं. प्रत्येक गाडीला एक कोड असतो. मोठी बॅटरी, पांढरा रंग, सनरूफ नको, याचा एक कोड. मोठी बॅटरी, पांढरा रंग, छताला काच, याचा दुसरा. दोन्हींत फरक एका अक्षराचा. बुकिंग मी केलं होतं आणि अक्षर चुकीचं निवडलं होतं. आजूबाजूला सगळी पंचविशीतली मुलं बसतात, म्हणून मी शोरूममध्ये चष्मा खिशातच ठेवायचो. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

त्याहून वाईट गोष्ट पुढं होती. बिनसनरूफच्या पांढऱ्या गाड्या मधल्या काळात दोन आल्या होत्या. त्या शालाक्कांच्या मागून बुकिंग केलेल्या दोघांना गेल्या. दोन्ही डिलिव्हऱ्या मीच दिल्या होत्या. हार घालून, पेढे वाटून, फोटोत हसून.

माझं नाव दस्तगीर मुल्ला. राहायला जयसिंगपुरात. वीस वर्षं मी शिरोळ तालुक्यात ट्रॅक्टर विकले. पन्नाशीत ती एजन्सी बंद झाली आणि मी कोल्हापुरातल्या या इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममध्ये आलो. शालाक्का आणि त्यांचे मालक रावसाहेब हे माझे ट्रॅक्टरच्या काळातले कस्टमर. कुरुंदवाडला त्यांची ऊसशेती आहे, आठ म्हशी आहेत. रावसाहेब शेत बघतात आणि बाकी सगळं शालाक्का बघतात. त्यात रावसाहेबही आले.

शालाक्कांना गाडी लागते. म्हणजे अशी तशी नाही. एसटीत पाय ठेवला, तो डिझेलचा वास नाकात गेला, की जयसिंगपूरच्या आत उलटी. लिंबू, आलं, पोटाला वर्तमानपत्र, सगळं करून झालं होतं. उघड्यावर मात्र काही होत नसे. मोटरसायकलवर मागं बसून आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जिथवर जाता येईल, तेवढंच त्यांचं जग. त्यांची थोरली बहीण इंदूताई आंबा घाटाखाली साखरप्याजवळ राहते. दाजी तिकडं मास्तर होते, तिथंच घर बांधलं. शेवटच्या वेळी शालाक्का तिकडं निघाल्या, तेव्हा घाटात त्यांना शुद्ध राहिली नाही. घाबरून गाडी परत फिरवली. त्याला अकरा वर्षं झाली. त्याच सुमारास इंदूताईंचे गुडघे गेले. त्यांना एसटीची पायरी चढवेना, आणि कुणाला गाडी मागायचा त्यांचा स्वभाव नाही. बहिणी फोनवरच भेटायच्या.

मी इलेक्ट्रिक गाड्या विकतो हे कळल्यावर रावसाहेबांनी मला विचारलं, की हिला वास नाही, धूर नाही, मग ही लागायची नाही का? मी म्हटलं, खात्री देत नाही, बसून बघा. यात एक गोष्ट सांगायला पाहिजे. इलेक्ट्रिक गाडीतही काही लोकांना मळमळतं. या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की गाडी आपोआप मंदावते आणि त्यातून बॅटरीला थोडी वीज परत मिळते. याला आम्ही रिजन म्हणतो. तो जास्त ठेवला, तर बसलेल्याची मान सारखी पुढं-मागं होते. म्हणून मी रिजन सगळ्यांत खाली ठेवला, शालाक्कांना पुढच्या सीटवर बसवलं आणि कुरुंदवाडहून शिरोळपर्यंत जाऊन नरसोबाच्या वाडीवरून परत आणलं. उतरल्यावर त्यांनी चहा मागितला.

रावसाहेब म्हणाले, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली. गाडीतनं उतरून हिनं च्या मागितलेला आज पहिल्यांदा बघितला."

दुसऱ्याच दिवशी बुकिंग झालं. सनरूफचं विचारलं, तर शालाक्का म्हणाल्या की डोक्यावर ऊन घ्यायला शेत आहे. इंदूताईंच्या नातीचं लग्न दीड महिन्यावर होतं. त्या गाडीतून लग्नाला जायचं ठरलं. मी म्हटलं, तीन आठवड्यांत गाडी दारात उभी असेल.

तीन आठवडे झाले, चार झाले. शालाक्कांचा फोन रोज सकाळी दूध घालून झालं की यायचा. मी रोज सांगायचो, ट्रान्सपोर्टमध्ये आहे, एक-दोन दिवसांत कळेल. खोटं बोलत होतो असं नाही. मला तसंच वाटत होतं. पण बघितलंही नव्हतं.

आता लग्नाला दहा दिवस राहिले होते. बुकिंग बदलून नवं केलं, तरी आमच्या हिशोबाने गाडी यायला किमान तीन आठवडे.

मी आमच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. जाधव सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचं एक वाक्य करायची सवय आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बुकिंग दुरुस्त करा. कस्टमरला सांगा, कंपनीकडून उशीर आहे."

"सर, उशीर माझ्याकडून आहे."

"मुल्ला, ते त्यांना कसं कळणार?"

खरंच कळलं नसतं. मी दुपारभर त्यावर विचार केला. शेवटी चार वाजता मोटरसायकल काढली आणि कुरुंदवाडला गेलो. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

शालाक्का गोठ्यात धार काढायच्या तयारीत होत्या. मला बघून त्यांना वाटलं, गाडी आली हे सांगायला मी स्वतः आलो. रावसाहेबांना हाक मारून त्यांनी चहा टाकायला लावला. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. एक अक्षर चुकलं, माझ्या हातून चुकलं, तुमच्या मागच्या दोघांना गाड्या मिळाल्या, त्या मीच दिल्या. लग्नाच्या आधी गाडी येत नाही.

शालाक्कांनी हातातली बादली खाली ठेवली. रावसाहेब चहाचं भांडं हातात धरून दारात उभे राहिले होते.

"मंजी चौतीस दिस मी कुणाच्या गाडीची वाट बघत हुतो?" शालाक्का म्हणाल्या.

"कुणाच्याच नाही."

"तुमी खोटं सांगितलं असतंसा, तर मला कळलं असतं व्हय?"

"नसतं कळलं."

"मग का सांगितलंसा?"

मी खरं तेच बोललो. म्हटलं, तुमचा फोन रोज येतो, शालाक्का. अजून तीन आठवडे तो रोज उचलून रोज नवीन काहीतरी रचायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

त्या हसल्या नाहीत. रावसाहेब म्हणाले, बुकिंग रद्द करा, दुसरीकडं बघतो. शालाक्का म्हणाल्या, "थांबा वो तुमी." मग मला म्हणाल्या, च्या प्या आणि जावा, मी उद्या सांगतो. आमच्याकडं बायकाही जातो-येतोच म्हणतात. मी चहा प्यायलो. तो कसा होता, ते मला आठवत नाही.

येताना जयसिंगपुरात थांबून चष्म्याला दोरी घेतली. दुसऱ्या दिवसापासून चष्मा गळ्यात. मुलांनी एक दिवस चेष्टा केली, मग विसरली.

सकाळी पावणेसातला फोन आला. नेहमीपेक्षा लवकर.

"मुल्लाभाऊ, ती तुमची टेस्टची गाडी. ती आमाला फिरवली ती. ती कुणाची असती?"

"शोरूमची."

"हळद पुढल्या बुधवारी हाय. बुधवारी ती रिकामी असती का?"

मी बिछान्यात उठून बसलो. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, त्यांच्या आलं. बुधवार माझा सुट्टीचा वार. टेस्ट ड्राइव्हची गाडी शोरूमच्या नावावर रीतसर पासिंग झालेली असते, इन्शुरन्स असतो. कुठंही नेता येते. न्यायची पद्धत नाही, एवढंच.

पुन्हा जाधव सरांची केबिन.

"टेस्ट ड्राइव्ह पाच किलोमीटरची असते, मुल्ला. तुम्ही साखरपा म्हणताय."

"एक्स्टेंडेड टेस्ट ड्राइव्हचा फॉर्म आहे की सर आपल्याकडं."

"तो शहरातल्या शहरात."

"फॉर्मवर तसं लिहिलेलं नाही. मी वाचला. चष्मा लावून वाचला."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं म्हणालो, कस्टमरची शंका घाटाची आहे. घाटात नेल्याशिवाय ती जायची कशी? आणि बुकिंग रद्द झालं, तर रिपोर्टमध्ये कारण लिहावं लागेल. कारण मीच लिहिणार, आणि खरं लिहिणार.

"संध्याकाळी सातच्या आत गाडी शोरूममध्ये पाहिजे," सर म्हणाले. "आणि धुऊन."

बुधवारी सकाळी सहाला मी कुरुंदवाडला पोचलो. गाडी आदल्या दिवशी शंभर टक्के चार्ज केली होती. शालाक्का हिरव्या इरकली साडीत तयार होत्या. हातात एक पिशवी, तिच्यात दोन दिवसांचे कपडे. दुसऱ्या हातात सात-आठ रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची घडी. ती कशाला, ते विचारायची गरज नव्हती. म्हशींकडं पुतण्याला ठेवलं होतं. रावसाहेब मागं बसले.

कोल्हापूरपर्यंत शालाक्का बोलत होत्या. मलकापूरनंतर बोलायच्या थांबल्या. नजर समोरच्या रस्त्यावर, हात पिशव्यांवर. मी आरशात रावसाहेबांकडं बघितलं. ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. आंब्याला घाट सुरू व्हायच्या आधी मी गाडी थांबवली. शालाक्कांना दहा मिनिटं मोकळ्या हवेत चालायला लावलं. बॅटरी छप्पन टक्के होती.

घाटात माझी खरी परीक्षा होती. उतारावर रिजन कमी ठेवला, तर सारखा ब्रेक दाबावा लागतो. जास्त ठेवला, तर मान हलते. मी मधला ठेवला आणि पाय एकदम न उचलता, हळूहळू सोडत उतरायला लागलो. हे ट्रॅक्टरवर शिकलेलं. भरलेली ट्रॉली मागं असली, की असंच उतरावं लागतं. चार वळणं नीट गेली. पाचव्या वळणाला पुढं ट्रक आला. जुना, भरलेला, काळा धूर सोडत चाललेला. बाहेरची हवा बंद करायच्या आत वास आत आला.

शालाक्कांनी एक हात वर केला. दुसऱ्या हातानं पिशवी उघडली.

रस्ता थोडा रुंद होता तिथं मी गाडी कडेला घेतली. ट्रक जाऊ दिला. चारी काचा खाली केल्या. गाडी बंदच होती म्हणायची, कारण उभ्या गाडीला आवाज नसतो. खाली दरीतून वारा येत होता. रावसाहेबांनी मागून हात पुढं करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. आम्ही तिघंही त्या पिशवीकडं बघत बसलो. पाच मिनिटं गेली असतील.

शालाक्कांनी पिशवीची पुन्हा घडी घातली. "चला," म्हणाल्या.

घाट संपला तेव्हा मी त्यांचं लक्ष दुसरीकडं न्यावं म्हणून आकडा दाखवला. वर छप्पन टक्के होते, खाली अठ्ठावन्न झाले होते. उतारानं बॅटरी भरली होती. शालाक्कांनी तो आकडा दोनदा वाचला.

"उतरताना भरती?"

"व्हय."

"मंजी म्हेरला जाताना बाई भरती, तसंच की," त्या म्हणाल्या, आणि मलकापूरनंतर पहिल्यांदा पाठ टेकून बसल्या.

इंदूताईंच्या घरासमोर मांडव घातलेला होता. पडवीत खुर्चीवर इंदूताई बसल्या होत्या, शेजारी वॉकर. गाडीचा आवाज आला नाही, त्यामुळं आम्ही दारात येईपर्यंत कुणी बघितलंच नाही. शालाक्का उतरल्या आणि सरळ पडवीत जाऊन बहिणीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. इंदूताईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"उलटी?"

"न्हाय."

अकरा वर्षांनंतर समोरासमोर दोघींचं एवढंच बोलणं झालं. मग इंदूताईंनी धाकटीचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं आणि दोघीही पदराला डोळे पुसत बसल्या. मी गाडीची काच पुसायला गेलो. काच स्वच्छच होती.

मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सातला पाच मिनिटं कमी असताना गाडी शोरूममध्ये उभी केली. धुऊन.

ठरलं असं होतं, की लग्न लागलं की दोघांनी एसटीनं परत यायचं. त्यासाठी शालाक्कांनी पिशव्या जपून ठेवल्या होत्या. पण शुक्रवारी रावसाहेब एकटेच एसटीनं परत आले. शालाक्कांनी सांगितलं होतं, माझी गाडी आली, की तिच्यातनं न्यायला या, तोवर मी हितंच थांबतो.

आता रोज सकाळी रावसाहेबांचा फोन यायला लागला.

"मुल्लाभाऊ, डिलिव्हरी कवा?"

धारा काढायच्या, दूध घालायचं, भाकरी करायची, सगळं त्यांच्या अंगावर आलं होतं. माझी भाकरी म्हसरं बी खाईनात, असं ते मला अगदी गंभीरपणे म्हणाले. मी या वेळी अंदाज सांगितला नाही. रोज स्वातीकडं जाऊन स्क्रीनवर जे दिसेल, तेच वाचून दाखवायचो. आज चासी नंबर पडला. म्हणजे गाडी बनली. आज कारखान्यातून निघाली. आज सातारच्या पुढं आहे. खरी माहिती असली, की ती सांगायला कमी वेळ लागतो, हे मला तेव्हा कळलं.

बुकिंग दुरुस्त केल्यापासून तेविसाव्या दिवशी गाडी आली. आम्ही पीडीआय करतो. म्हणजे कस्टमरला द्यायच्या आधी गाडीचा कानाकोपरा तपासतो. रंग, काचा, टायरची हवा, बॅटरी, चार्जिंगचं झाकण. ते सगळं मी स्वतः उभं राहून करून घेतलं आणि छत दोनदा बघितलं. पत्र्याचंच होतं. मग मोठ्या उत्साहानं साखरप्याला फोन लावला.

"आली व्हय?" शालाक्का म्हणाल्या. पलीकडं कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. "मुल्लाभाऊ, आनी आठ दिस तितंच राहू दे की. हितं फणस पिकायला लागल्यात."

इतक्या वर्षांत, ट्रॅक्टर धरून, गाडी उशिरा द्या असं मला कुणी म्हटलं नव्हतं. एकाच बुकिंगवर आता माझे दोन कस्टमर होते. एकाला आज पाहिजे, एकाला आठ दिवसांनी. बुकिंग शालाक्कांच्या नावावर, पण रावसाहेब शोरूमच्या सोफ्यावर येऊन बसलेले. त्यात महिनाअखेर. जाधव सर म्हणाले, गाडी गेलीच पाहिजे.

मी पुन्हा फोन लावला आणि या वेळी इंदूताईंना मागितलं. त्यांना विचारलं, तुम्हाला एसटीची पायरी चढवत नाही. ही सीट तुमच्या खुर्चीएवढीच उंच आहे. बसून बघणार का?

त्यांनी विचारलं, "कुरुंदवाडपर्यंत?"

"कुरुंदवाडपर्यंत."

दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी नवी गाडी स्वतः चालवत नेली. मी शेजारी बसलो. ट्रॅक्टरवाल्याचा डावा पाय सारखा क्लच शोधतो आणि या गाडीला क्लच नसतो. मी त्यांना डावा पाय मागं दुमडून ठेवायला सांगितला. मलकापूरपर्यंत त्यांना मुंग्या आल्या, पण पाय हलला नाही. हार आणि पेढे आम्ही बरोबर घेतले होते. डिलिव्हरी इंदूताईंच्या अंगणात दिली. किल्ली शालाक्कांच्या हातात दिली, त्यांनी ती इंदूताईंच्या हातात दिली. शोरूमच्या रजिस्टरला तो फोटो लावलेला आहे. मागं गोठा दिसतो, म्हणून सरांनी आधी नको म्हटलं होतं.

परत येताना पुढं इंदूताई बसल्या, कारण गुडघ्यांना जागा पाहिजे होती. शालाक्का मागं बसल्या. मागची सीट त्यांच्यासाठी धोक्याची, मी तसं सांगितलंही. त्यांनी ऐकलं नाही. घाट चढताना दोघी बहिणी एका जुन्या शेजारणीवरून वाद घालत होत्या. ती कुणाची कोण होती, यावर आंब्यापर्यंत एकमत झालं नाही. शालाक्कांना मळमळलं का, ते विचारायला कुणाला फटच मिळाली नाही. मी त्यांच्या शेजारी, माझ्या मांडीवर एक फणस आणि पायाशी एक.

इंदूताई महिनाभर कुरुंदवाडला राहिल्या.

त्यानंतर मी एक नियम केला. बुकिंग करताना मॉडेल, रंग, बॅटरी विचारायच्या आधी मी कस्टमरला विचारतो, गाडी आली की पहिल्यांदा कुठं जाणार? फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही. मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवतो. लोक गाडीची वाट बघत नाहीत, कुठंतरी जायची वाट बघत असतात. गाडीला उशीर झाला, तर कुणाला आधी फोन करायचा आणि कुणासाठी सरांच्या केबिनमध्ये जायचं, हे त्या मागच्या बाजूवरून ठरतं.

मागच्या महिन्यात मुरगूडचे एक गृहस्थ आले होते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "कुटंच न्हाय. शेजाऱ्यानं घेतलीया म्हणून घ्यायची."

मी तेही लिहून घेतलं. त्यांच्या गाडीला आठ दिवस उशीर आहे. मी अजून फोन केलेला नाही.